गुन्हेगार शोधला, पण सोपवायचा कोणाकडे?

आपल्या रहस्यकथांचा शेवट वाचकाला तोंडपाठ असतो. नायक कोडं उलगडून दाखवतो, खुनी गडबडतो, खिडकीकडे धाव घेतो, आणि तेवढ्यात इन्स्पेक्टरसाहेब दोन हवालदार घेऊन आत येतात. बेड्या पडतात, नायकाची पाठ थोपटली जाते, पुस्तक संपतं. मधल्या दीडशे पानांत पोलीस नायकाच्या चार पावलं मागेच असतात, तरी शेवटच्या पानावर त्यांच्यावाचून भागत नाही. सत्य सापडलं की ते पोलीस ठाण्यात जमा करायचं आणि निर्धास्त व्हायचं, असा वाचक आणि लेखक यांच्यातला जुना करार आहे. बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांनी मराठी माणसाच्या कित्येक पिढ्या वाचत्या केल्या, त्याही याच विश्वासावर.

ठाणे आणि नवी मुंबईत राहणाऱ्या वाचकाने हा करार आता पुन्हा वाचून बघायला हवा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी एक कादंबरी हवी आहे. इथलीच एक खाजगी गुप्तहेर बाई, जिचा तपास माणसाच्या जातीपाशी, धर्मापाशी, रंगापाशी अडवला जातो आणि शेवटी वर्दीपाशी येऊन थांबतो. अशी कादंबरी मराठीत मला वाचायला मिळालेली नाही. तिच्यासाठी लागणारा सगळा ऐवज मात्र आपल्या खाडीच्या दोन्ही काठांवर पडलेला आहे.

अश्विनी बिद्रे यांची केस आठवा. नवी मुंबई पोलीस दलातल्या सहायक पोलीस निरीक्षक. एप्रिल २०१६मध्ये त्या बेपत्ता झाल्या. घरच्यांनी कळंबोली पोलीस ठाण्याचे उंबरे झिजवले, संशय कोणावर आहे तेही सांगितलं. संशयित होता ठाणे ग्रामीण पोलीस दलातला वरिष्ठ निरीक्षक. अपहरणाचा गुन्हा नोंदायला २०१७ उजाडलं. त्याच वर्षीच्या प्रजासत्ताक दिनी त्या अधिकाऱ्याला राष्ट्रपती पोलीस पदक मिळालं. अटक झाली ती डिसेंबरात. भाईंदरच्या घरात खून झाला आणि मृतदेहाचे तुकडे वसईच्या खाडीत टाकले गेले, असं तपासात पुढे आलं. मृतदेह कधीच सापडला नाही. एप्रिल २०२५मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. मधली नऊ वर्षं नवरा आणि भाऊ पायऱ्या चढत-उतरत राहिले.

बेपत्ता झालेली बाई स्वतः पोलीस अधिकारी होती. तिच्या माणसांना पोलीस ठाण्यात कोणाशी बोलायचं हे कळत होतं, कायद्याची भाषा समजत होती, आणि तरी ही गत. दिव्याच्या चाळीतली, मुंब्र्याच्या इमारतीतली किंवा तळोज्याच्या वसाहतीतली एखादी बाई अशी नाहीशी झाली, तर तिचं नाव मिसिंगच्या रजिस्टरमध्ये एक ओळ होऊन राहील.

दुसरं प्रकरण वाशीचं. ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया आणि त्याचा मित्र अनिल भेडा यांना वाशीतून उचलण्यात आलं. त्याच संध्याकाळी वर्सोव्यात लखनभैया चकमकीत मारला गेल्याचं पोलिसांनी सांगितलं. त्याचा भाऊ वकील होता. भावाला उचलल्याचं कळताच त्याने पोलीस अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले होते. त्या कागदांवरची वेळ पुढे कोर्टात बोलली. ज्या माणसाला पोलिसांनी म्हणे संध्याकाळी रस्त्यात गाठलं, त्याला उचलल्याची तक्रार त्याच्या मरणाआधीच सरकारी यंत्रणेतून फिरत होती. याहून नेमका धागा कुठला रहस्यकथाकार शोधून काढणार? २०१३मध्ये सत्र न्यायालयाने पोलिसांसह एकवीस जणांना जन्मठेप दिली. मार्च २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खालच्या कोर्टातून सुटलेल्या एका गाजलेल्या चकमकफेम अधिकाऱ्यालाही दोषी ठरवलं, आणि त्याचं अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं. पण ज्याने सगळं पाहिलं होतं तो अनिल भेडा साक्षीच्या तोंडावर, मार्च २०११मध्ये नाहीसा झाला आणि नंतर त्याचा मृतदेह मिळाला.

लखनभैयावर गुन्हे होते, तो सज्जन नव्हता, असं यावर कोणी म्हणेल. म्हणूनच हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. निष्पाप माणसाच्या बाजूने कोणीही उभं राहतं. ज्याच्या मरणाने कोणाचं काही अडत नाही, त्याच्या मरणाचा हिशेब मागायला हिंमत लागते, आणि ती हिंमत कथेतून वाचकात मुरवता येते.

अमेरिकेत हे काम रहस्यकथेने अंगावर घेतलं, आणि त्यात बायका पुढे होत्या. सारा पॅरेट्स्की यांनी १९८२मध्ये व्ही. आय. वॉरशॉव्स्की ही शिकागोची खाजगी गुप्तहेर उभी केली. बार्बरा नीली यांची १९९२मध्ये आलेली नायिका, ब्लांच, तर गुप्तहेरही नाही. ती दुसऱ्यांच्या घरी काम करणारी काळी मोलकरीण आहे, आणि मालकांना ती दिसतच नसल्यामुळे तिला सगळं दिसतं. व्हॅलरी विल्सन वेस्ली यांची टमारा हेल न्यूअर्कची. ती आधी पोलिसात होती. सहकारी गोऱ्या पोलिसांनी तिच्याच मुलाला रस्त्यात अडवून छळलं, तेव्हा तिने नोकरी सोडली आणि स्वतःचं ऑफिस उघडलं. या लेखिका भाषण देत नाहीत. वंशद्वेष त्यांच्या कथानकाचा भाग होऊन येतो, कारण तो नसता तर गुन्हा इतकी वर्षं झाकलाच गेला नसता.

पॅरेट्स्की यांची २००९ची ‘हार्डबॉल’ ही कादंबरी मला या सगळ्यांत जवळची वाटते. ५ ऑगस्ट १९६६ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांनी शिकागोच्या मार्क्वेट पार्क भागात घरांमधल्या भेदभावाविरुद्ध मोर्चा काढला, तेव्हा गोऱ्या जमावाने दगडफेक केली आणि एक दगड किंग यांना लागला. त्या काळात नाहीशा झालेल्या एका काळ्या तरुणाचा शोध चाळीस वर्षांनी नायिका घेऊ लागते, आणि धागे पोलीस कोठडीतल्या छळापर्यंत पोचतात. हा छळ कल्पनेतला नाही. शिकागो पोलिसांतला जॉन बर्ज नावाचा अधिकारी आणि त्याच्या हाताखालचे लोक १९७०च्या दशकापासून १९९१पर्यंत संशयितांना विजेचे झटके देऊन, श्वास कोंडून कबुलीजबाब घेत होते. शंभराहून अधिक माणसं यात भरडली गेली, बहुतेक सगळी काळी. बर्जला १९९३मध्ये नोकरीतून काढलं. छळाच्या गुन्ह्याची मुदत टळून गेली होती, म्हणून २०१०मध्ये तो दोषी ठरला तो खोटी साक्ष आणि न्यायात अडथळा आणल्याबद्दल. २०१५मध्ये शिकागो शहराने पीडितांना ५५ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली आणि हा इतिहास सरकारी शाळांत आठवी आणि दहावीला शिकवायचा ठरावही केला.

आपल्या कुठल्या शहराने, कुठल्या महापालिकेने आपल्या पोलीस ठाण्यात घडलेलं काही मुलांच्या पुस्तकात घातलं आहे?

मराठीतली उणीव मात्र मला वेगळीच दिसते. पोलिसी छळाबद्दल मराठीत लिहिलं गेलेलं नाही असं अजिबात नाही. लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७मध्ये आलं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात पोलीस येतात ते थेट घरात, मारझोड करत, आणि गुन्हा कोणता हे नंतर ठरतं. ज्या जमातींना इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांची १९५२मध्ये त्या कायद्यातून सुटका झाली. पोलिसांच्या नजरेतून ती आजही झालेली नाही. पारध्यांची पालं पडली की आसपासच्या घरफोड्यांचा तपास तिथेच सुरू होतो. हे सगळं भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांत आहे, दलित आत्मकथनांत आहे. पण तेच पोलीस ठाणं रहस्यकथेत आलं की स्वच्छ होतं. तिथले साहेब चहा मागवतात, फाइल पुढे सरकवतात, नायकाला जीपमधून घटनास्थळी नेतात. एकाच भाषेत लिहिलेली ही दोन पोलीस ठाणी एकमेकांना कधी भेटलीच नाहीत. आत्मकथनाच्या वाचकाला रहस्यकथा हलकी वाटली आणि रहस्यकथेच्या वाचकाला आत्मकथन जड वाटलं. हे अंतर एक चांगली कादंबरी मिटवू शकते.

कारण रहस्यकथा मुळात एकच गोष्ट शिकवते, संशय कोणावर घ्यायचा. आणि आपल्या गृहसंकुलांत संशय कोणावर घ्यायचा हे आधीच ठरलेलं असतं. घोडबंदर रोडच्या कुठल्याही मोठ्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर सकाळी आठला उभं राहा. घरकाम करणाऱ्या बायका रांगेत असतात, मोबाइलवर कोड दाखवतात, पिशवी उघडून दाखवतात. संध्याकाळी जाताना पुन्हा पिशवी उघडतात. ज्यांच्या घरी त्या जातात, त्यांची पिशवी कोणी उघडत नाही. एखाद्या फ्लॅटमधली सोन्याची चेन दिसेनाशी झाली की पहिलं नाव तिचं निघतं, ठाण्यात पहिलं बोलावणं तिला जातं, आणि चेन दोन दिवसांनी गादीखाली सापडली तरी तिला परत कामावर घेतलं जात नाही. त्या दोन दिवसांत ठाण्यात तिच्याशी काय झालं हे कुठल्या कागदावर नसतं. खारघर, कोपरखैरणे, उलवे भागांत राहणाऱ्या आफ्रिकी तरुणांचंही तेच. त्यांच्यातले काही जण अमली पदार्थांच्या धंद्यात सापडले आहेत, पण रंगावरून घर नाकारलं जातं ते सगळ्यांनाच, आणि लिफ्टमध्ये अंग चोरून उभं राहतात ते शिकलेसवरलेले मराठी लोक. शिकागोचा वंशद्वेष वाचताना आपण हळहळतो. सोसायटीच्या बैठकीत ‘त्यांना’ जागा देऊ नका असा ठराव होतो तेव्हा मात्र हात वर करतो.

अशा ठिकाणी खाजगी गुप्तहेर म्हणून बाईच का हवी? पोलीस नायिका का नको? अश्विनी बिद्रे यांचं उदाहरण समोर आहे. वर्दी घातली म्हणून बाई व्यवस्थेच्या तावडीतून सुटत नाही, आणि वर्दीतल्या नायिकेला आपल्याच ठाण्याविरुद्ध जायचं तर पहिल्या प्रकरणात निलंबित व्हावं लागेल. खाजगी गुप्तहेराकडे मात्र कुठलाच अधिकार नसतो. आपल्या देशात या व्यवसायाला स्वतंत्र कायदाच नाही. २००५चा कायदा आहे तो सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सींसाठी. गुप्तहेर संस्थांच्या नियमनाचं विधेयक २००७मध्ये राज्यसभेत आलं, त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे ती कोणाला अटक करू शकत नाही, झडती घेऊ शकत नाही, कोणाचे कॉल रेकॉर्ड मागवू शकत नाही. ते चोरून विकत घेण्याचा बाजार किती मोठा होता, हे २०१८मध्ये ठाणे पोलिसांनीच सीडीआर प्रकरणात खाजगी गुप्तहेरांना अटक केली तेव्हा दिसलं. तिच्या हातात उरतात पाय, कान आणि माणसं. पोलीस ठाण्यात ती तुमच्या-माझ्यासारखीच ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकावर बसणार. ‘साहेब राउंडला गेलेत’, ‘ही हद्द आमची नाही’, ‘एनसी (म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद) करून देतो’, ‘तुमच्याबरोबर घरचं कोणी पुरुष माणूस आहे का’, हे सगळं तिला ऐकावं लागणार. सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये ललिताकुमारी प्रकरणात सांगितलं आहे की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदलीच पाहिजे. तो निकाल बाकावर बसलेल्या माणसापर्यंत किती पोचतो, हे तिच्या डोळ्यांनी वाचकाला दिसेल.

आणि तिचा धंदा तिला स्वच्छ राहू देणार नाही, हे मला या कादंबरीचं सगळ्यात मोठं बळ वाटतं. इथल्या गुप्तहेर संस्थांचं पोट बऱ्याच अंशी लग्नाआधीच्या चौकशांवर चालतं. मुलगा खरंच तिथे नोकरीला आहे का, आधीचं लग्न लपवलंय का, हे विचारणं रास्तच. पण त्याच चौकशीत मुलीचं कोणाशी जमलं होतं, तो कुठल्या समाजाचा, घराण्यात कोणी बाहेरच्या जातीत लग्न केलंय का, हेही विचारलं जातं. हे शोधून देणारी बाई जातीची राखणदार होते, पगार घेऊन. अशी एक चौकशी तिने पूर्ण करावी, अहवाल द्यावा, पैसे घ्यावेत, आणि काही महिन्यांनी तीच मुलगी बेपत्ता झाल्याची बातमी यावी. मग तिच्या तपासाला जो पीळ पडेल, तो कुठल्याही परदेशी कथानकातून उसना आणावा लागणार नाही.

रहस्यकथा लोकल ट्रेनमध्ये वाचायची गोष्ट आहे, तिच्यावर समाजसुधारणेचं ओझं टाकू नका, असं काही वाचनप्रेमी म्हणतील. मी त्यांच्याशी अर्धी सहमत आहे. तिसऱ्या प्रकरणात जो लेखक व्याख्यान देतो, त्याचं पुस्तक मीही बाजूला ठेवीन. पण उत्कंठा आणि सत्य यांचं वैर कोणी लावलं? वसईच्या खाडीत गेलेला पुरावा, साक्षीच्या तोंडावर नाहीसा झालेला साक्षीदार, तारेवरची वेळ, यांत उत्कंठा कमी आहे का?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पोलीसही माणूसच आहे. बारा-बारा तासांची ड्युटी, गळक्या पोलीस वसाहती, सणावारी बंदोबस्त, वरून येणारे फोन. माझ्या ओळखीत पोलीस आहेत आणि त्यांच्या घरातली ओढाताण मी पाहिलेली आहे. त्यांना सरसकट खलनायक करणारी कादंबरी खोटी ठरेल. ‘हार्डबॉल’मधल्या नायिकेचा बाप शिकागोचा पोलीस होता, तिच्या मनातला प्रामाणिकपणाचा आदर्श, आणि त्याला तेव्हा काय माहीत होतं हा प्रश्न तिला सगळ्यात जास्त जाळतो. बर्जच्या बाबतीतही १९८९मध्ये पीडितांच्या वकिलांना निनावी पत्रं आली ती पोलीस दलातल्याच माणसाकडून आल्याचं मानलं जातं. वर्दीत राहून ज्याचा जीव गुदमरतो, अशा हवालदाराला मराठी रहस्यकथेत जागा मिळायला हवी. आजवर त्याला विनोदापुरती जागा मिळाली. मुंब्रा-शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी बेकायदा इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. अटक झालेल्यांत बिल्डरांबरोबर महापालिकेचे अधिकारी आणि पोलीसही होते. ती इमारत एकेक मजला चढत असताना कोणीतरी शिपाई ते बघत असेल, कोणाला तरी बोलला असेल, गप्प बसवला गेला असेल. त्या माणसाची बाजू कोण लिहिणार?

बदलापूरचं प्रकरण मी टाळू शकत नाही, कारण तिथे दोष फक्त पोलिसांवर ढकलून चालणार नाही. ऑगस्ट २०२४मध्ये शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार घेऊन पालक गेले, तर तासन्‌तास त्यांना ताटकळत ठेवलं गेलं. लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा यंत्रणा हलली. महिन्याभराने, २३ सप्टेंबरला, तळोजा तुरुंगातून नेत असताना मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत आरोपी गोळी लागून मेला. त्या दिवशी पेढे वाटले गेले. जानेवारी २०२५मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने या मृत्यूसाठी पाच पोलिसांना जबाबदार धरलं आणि पोलिसांच्या स्वसंरक्षणाच्या दाव्यावर शंका घेतली. महिनाभर आधी ज्यांनी एफआयआर घेतली नाही म्हणून आपण संतापलो, त्यांच्याच हातून सुटलेल्या गोळीवर आपण विश्वास ठेवला. खटला चालला असता तर शाळेत कोणाला काय माहीत होतं, कोणी काय दडपलं, हे साक्षीदारांच्या उलटतपासणीत पुढे आलं असतं. ती वाट बंद झाली. वाचक म्हणून शेवटच्या पानावर बेड्यांऐवजी गोळी चालेल असं आपण ठरवलं, आणि आपल्या मुलींच्या बाबतीत ते ठरवलं, याचा मला आजही त्रास होतो.

म्हणून या कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणाबद्दल माझं मत पक्कं आहे. तिने गुन्हेगार शोधावा, आणि मग त्याला कोणाकडे सोपवायचं हा प्रश्न तिच्यासमोर उभा राहावा. तिने स्वतः सूड घेऊ नये, कोणाकडून घडवूनही आणू नये. दंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार करावी, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे अर्ज करावा, उच्च न्यायालयात याचिका टाकायला वकील गाठावा, तारखा पडाव्यात, साक्षीदार फिरावेत, त्यातला एखादा टिकावा. ही लांबण रटाळ होईल अशी भीती लिहिणाऱ्यांना वाटते. लखनभैया प्रकरणातलं उच्च न्यायालयाचं आठशेहून अधिक पानांचं निकालपत्र वाचायला घ्या, ही भीती पहिल्या पन्नास पानांत जाते.

ही निकालपत्रं सगळ्यांना खुली आहेत. पनवेल आणि ठाण्याच्या कोर्टात कामकाज सुरू असताना मागच्या बाकावर बसायला कोणाची परवानगी लागत नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३पासून उभं आहे, दिवाळी अंकांचे संपादक दरवर्षी रहस्यकथा मागतात, गडकरी रंगायतनच्या आवारात लिहिणाऱ्या मुलींचे घोळके मी बघते. त्यांच्यातल्या एखादीने हे काम हाती घ्यावं. तिला प्रकाशक मिळेपर्यंत आपण वाचकांनी संपादकांकडे, ग्रंथालयांकडे ही मागणी लावून धरावी. आणि सोसायटीच्या येत्या बैठकीत पिशव्या तपासण्याचा विषय निघाला, तर तिथेही बोलावं.